पडद्यातली खिडकी

या धाग्यावरचे आधीचे अनुभव मी रस घेऊन वाचले. घाटात लिफ्ट मागणारी बाई, हॉस्टेलमधला आपोआप फिरणारा पंखा, पिंपळ वगैरे. माझा यातल्या कशावरही विश्वास नाही. हे लिहून संपेल तेव्हाही तो बसलेला नसेल, हे आधीच सांगून ठेवतो. सोसायटीत नव्या जनरेटरची पूजा झाली तेव्हा ‘गुरुजींकडे वॉरंटी कार्ड आहे का’ असं विचारून मी चार लोकांची मनं दुखावली होती. माझ्या अनुभवात अमावस्या नाही, कुत्री रडत नाहीत. बेंगळुरू, महादेवपुरा, चौथा मजला, दुपारचे सव्वातीन. आणि एक पडदा.

मी पुण्याचा, बायको शर्वरी कोल्हापूरची. या शहरात आम्हाला सोळा वर्षं झाली. मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. म्हणजे जे आहे तेवढंच लिहायचा मला पगार मिळतो.

आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं. समाजसेविका घर बघायला येणार, मुलासाठी जागा दिसली पाहिजे, असं कळल्यावर तिसरी खोली रिकामी केली. एका इंटिरियरवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी टॅब उघडून विचारलं, “थीम काय ठेवू या? अंडरवॉटर? सफारी?” मी म्हटलं, “मूल.” त्या हसल्या नाहीत. तासाभरात ‘चाइल्ड-सेंट्रिक’ हा शब्द चारदा आला. मूल केवढं असेल हे एकदाही विचारलं गेलं नाही. अर्थात विचारलं असतं तरी आम्हाला कुठे माहीत होतं...

शेवटी दोन रविवारांत आम्हीच खोली लावली. एक भिंत पिवळी. हाताला येईल असं बुटकं कपाट. पाळणा. भिंतीवर एक जिराफाचं स्टिकर, ज्याच्या अंगावर खालून वर इंच छापलेले असतात — मुलाची उंची मोजायला. शर्वरीनं दाराजवळ ‘अ अननसाचा’चा तक्ताही लावला.

मग वाट बघितली. एक वर्ष, दोन वर्षं. पाळणा माझ्या ऑफिसातल्या एकाला जुळी झाली तेव्हा देऊन टाकला; गादीवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्याच्या जागी छोटा पलंग आणला. तिसऱ्या वर्षी शर्वरीच्या लक्षात आलं की जिराफ पांढरा पडतोय. त्या खोलीला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. बिल्डर तिला फ्रेंच विंडो म्हणतो. तिच्यातून फ्रान्स सोडून सोसायटीचं गेट, सिक्युरिटीची केबिन आणि पाण्याचे टँकर असं सगळं दिसतं. दुपारभर ऊन थेट जिराफावर.

“कुणी बघायच्या आधीच उडून जाईल तो,” शर्वरी म्हणाली.

“पडदा लावू,” मी म्हटलं. रंग मी निवडला, करडा. मनात होतं की ही खोली आता माझी स्टडी करावी. आमच्या नोंदणीचे कागद तीन वर्षांनी पुन्हा करायचे होते आणि मला ते करायचे नव्हते. मी तसं बोलून दाखवलं होतं. तिनं नाही म्हटलं नव्हतं. होही नाही.

पडदे शिवायला जयनगरचे वेंकोबण्णा आले. सत्तरीचे, आमच्यासारखेच मराठी, फक्त तीनशे वर्षं आधी आलेले. त्यांचे पूर्वज तंजावरला निघाले होते, वाटेत इथं थांबले, ते थांबलेच. “तुमची मराठी नवी हाय सार,” असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. “आमची वापरून वापरून मऊ झालीया.”

ते दुपारी सव्वातीनला माप घ्यायला आले तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. दार उघडलं, खोली दाखवली, पुन्हा हेडफोन चढवले. शर्वरी स्वयंपाकघरात आईशी फोनवर बोलत होती. वीसेक मिनिटांनी अण्णा बाहेर आले, माझ्याकडे बघून हसत काहीतरी बोलले. मी मान डोलावली. त्या वर्षी मी मान डोलावून बरंच काही मंजूर केलंय.

दहा दिवसांनी शनिवारी सकाळी त्यांनी पडदे आणून टांगले. भारी कापड, नीट चुण्या. आणि डाव्या पडद्याला खालच्या बाजूला, माझ्या अर्ध्या मांडीशी, वीतभर लांब, चार बोटं उंच असं एक भोक. फाटलेलं नाही. चारी बाजूंनी गोट लावलेला, वर कापडाची झडप, झडपेला एक बटण. इतकं सुबक काम की राग यायला क्षणभर उशीर झाला.

“हे काय, अण्णा?”

“तुमच्या मगूनं सांगितलं तसंच केलं की.” मगु म्हणजे कानडीत लहान मूल. “माझ्या टेपचं दुसरं टोक धरून बसली व्हती. पडदा कुठवर येणार ते दावलं, तर म्हणाली, ‘अज्जा, गेट काणल्ला.’ गेट दिसत न्हाई म्हणे. म्हटलं, सरी, तुला येगळी खिडकी ठिवतो. तुमाला सांगितलं न्हवं का, जाताना? तुमी हू म्हणाला.”

“आम्हाला मूल नाही, अण्णा.”

त्यांनी छोट्या पलंगाकडे पाहिलं. बुटक्या कपाटाकडे, जिराफाकडे. मग माझ्याकडे, खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

“मग ह्ये सगळं कुणाचं?”

शर्वरी दारात उभी होती. ती घाबरेल असं मला वाटलं. कोण होती, आत कशी आली, यातलं तिनं काहीच विचारलं नाही.

“केवढी होती?” तिनं विचारलं.

अण्णांनी मांडीच्या वर हात आडवा धरला. “तेहतीस इंच, अक्का. टेप लावाया लागत न्हाई मला.” आणि खिशातून मापांची वही काढून आमचं पान दाखवलं. पडद्याची लांबी, रुंदी, आणि खाली कानडीत एक शब्द आणि आकडा: मगु, ३३.

ते गेल्यावर मी कामाला लागलो. चौथ्या मजल्यावर मुलं दोनच — एक सात वर्षांचा बॅटवाला, एक तान्हं. आमचं दार आतून बंद होतं. मग मला उलगडा झाला, आणि मी खूश झालो. शर्वरी आईशी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला ‘मग’ म्हणते. मग काय केलंस, मग बघू, मग मग. म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्या खोलीतून ‘मगु, मगु’ ऐकू आलं असणार. समोर मुलाची खोली. बाकीचं डोक्यानं रचलं. मी लगेच फोन करून त्यांना हे सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “सार, साठ वर्सं दोनी भाषा बोलतो मी. मग म्हंजे मग, मगु म्हंजे मगु. आनि तुमच्या त्या मगनं माझा टेप धरला नव्हता.”

ते भोक शिवून बंद करून घेऊ, असं मी शर्वरीला म्हटलं. ती म्हणाली, “राहू दे की. तुझ्या स्टडीत तेवढाच उजेड.” आणि त्याच आठवड्यात तिनं नोंदणीचे कागद पुन्हा करायला काढले. मी सही केली. वाद घालता आला असता, पण कशावर घालायचा ते सुचेना.

आणखी दोन वर्षं गेली. खोली स्टडी झाली नाही. एकदा मी तिथे चार्जर शोधायला वाकलो तेव्हा जिराफाच्या अंगावर पेन्सिलीचे ठिपके दिसले. पहिला तेहतीसवर. मग साडेचौतीस. छत्तीस. शेवटचा साडेअडतीसला जरा कमी. कपाटात मुलांच्या वाढीचा तक्ता होता, डॉक्टरांकडे असतो तसला. ती त्यावरून हिशोब धरून दर काही महिन्यांनी ठिपका देत होती. मला न सांगता. नसलेल्या मुलीची उंची.

त्या संध्याकाळी चहा पिताना ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, “आपण फॉर्ममध्ये वय चुकीचं ठेवलंय. अजून दोन वर्षांपर्यंतचंच मूल मागतोय. ती आता चारची झाली असेल.”

‘ती कोण?’ हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष. मी ते चहाबरोबर गिळलं, लॅपटॉप उघडला आणि वयोगट बदलला.

पाच महिन्यांनी फोटो आला. उत्तर कर्नाटकातलं एक गाव, साडेचार वर्षांची मुलगी, कागदावर नाव गंगव्वा. मराठी शून्य, बेंगळुरूची कानडीसुद्धा तिला परकी. आमच्या ‘अ अननसाचा’कडे बघून मला पहिल्यांदाच ओशाळल्यासारखं झालं.

तिला घरी आणलं तेव्हा दुपारच होती. गाडीत सगळा वेळ झोपली होती. शर्वरीनं कुंकवाचं पाणी ओवाळलं. मी त्यावर काही बोललो नाही, याची नोंद व्हावी. खोलीचं दार उघडून आम्ही दोघं मागे उभे राहिलो. पाच वर्षं लावलेली खोली. पलंग बघेल, जिराफ बघेल, खेळणी उचलेल...

ती सरळ पडद्याकडे गेली. करड्या पडद्यावर करडी झडप; कोपऱ्यातला तो बटणाचा ठिपका मला आजही शोधावा लागतो. तिनं शोधला नाही. पण तो तिच्या छातीशी येत होता. ती वाकली, बटण काढलं, आणखी वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून बाहेर गेटकडे बघत राहिली. बराच वेळ. मग उभी राहून आमच्याकडे वळली आणि जरा तक्रारीच्या सुरात म्हणाली, “सण्णदातु.”

शर्वरी जाऊन तिच्या शेजारी, झडपेच्या उंचीला, जमिनीवर बसली.

माझी कानडी रिक्षापुरती आहे, म्हणून मी नंतर पक्कं करून घेतलं. ‘लहान आहे’ म्हणायचं असतं तर तिच्या बोलीत ती ‘सण्ण ऐति’ म्हणाली असती. सण्णदातु म्हणजे ‘लहान झालं’. आपण मराठीत फ्रॉकबद्दल म्हणतो तसं. फ्रॉक लहान होत नाही, तो तेवढाच असतो.

मी वेंकोबण्णांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “आमी हितं चिक्कदायतु म्हणतो. जुना कपडा पुन्ना घालून बघितला की म्हणत्यात. नवा स्वल्प तोकडा असला तरी म्हणत्यात, सार. दोनी बी चालतंय.”

म्हणजे पळवाट आहे. मी ती जपून ठेवली आहे. ती आधी जिथं राहत होती त्या संस्थेची फाइलही तारखा लावून तपासली. काही जुळत नाही. वेंकोबण्णा माप घ्यायला आले त्यानंतर अकरा महिन्यांनी ती संस्थेत आली; तिथं तिची पहिली उंची छत्तीस इंच लिहिली आहे. कुठलंही मूल मागं नेत गेलं की कधी ना कधी तेहतीस इंचांचं असतंच, हे मलाही कळतं. पण संस्थेत येण्याआधी ती कुठे होती, कुणाकडे, कुणाची वाट बघत होती, याबद्दल फाइलमध्ये एक कोरा रकाना आहे. मी तो जितक्या वेळा वाचलाय तितकं फाइलीतलं दुसरं काही वाचलेलं नाही. तेव्हा मी इथं पडद्यासाठी करडा रंग निवडत होतो. फॉर्ममध्ये वयाचा एक रकाना होता आणि तो बदलायला मी दोन वर्षं लावली.

पुढच्या आठवड्यात वेंकोबण्णा वरच्या उंचीवर नवी झडप लावायला आले. ‘हीच का ती’ असं मी विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही. त्यांनीही तिला बघून काही म्हटलं नाही. टेपचं एक टोक तिच्याकडे दिलं, तिनं ते धरलं. कुठवर हवं ते तिनं हात लावून दाखवलं, त्यांनी खडूनं खूण केली. मग मला विचारलं, “खालचं शिवून टाकू का, सार?”

“राहू दे,” मी म्हटलं.

त्यांनी वही काढली, आमचं जुनं पान शोधलं. जुन्या गिऱ्हाइकाचं मूल वाढलं की शिंपी करतात तेच केलं, कुणाला काही न विचारता. तेहतीसवर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, चाळीस.

मला याचं स्पष्टीकरण देता येत नाही, आणि हल्ली कुणी देऊ लागलं तर मी विषय बदलतो. ऑफिसातून येताना गेटपाशी थांबून वर बघतो. चौथा मजला, करडा पडदा, वरची झडप उघडी असते. मी हात हलवतो. मग खालच्या बंद झडपेकडे बघून एकदा, जरा उशिरानं, पुन्हा हलवतो.