विधवा महिला पंपचालक, वय ४४

पंपघरात सगळे तिला आक्का म्हणायचे. मी तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठा, तरी मीही आक्काच म्हणायचो. तिचा नवरा माझ्या हाताखाली मदतनीस होता. तो आजारपणात गेला तेव्हा तिला झाडलोटीला घेतलं. आमचं पंपघर वस्तीच्या तळाला, नाल्याच्या काठी. पावसाचं पाणी वरच्या आणि खालच्या गल्ल्यांतून वाहत येऊन एका मोठ्या टाकीच्या दोन कप्प्यांत जमतं. तिथून ते उपसून भिंतीपलीकडे नाल्यात टाकायचं. पंप तीन. दोन विजेवर, एक डिझेलवर. जोराच्या पावसात पंप थांबले की तासाभरात खालच्या तीन गल्ल्यांत गुडघाभर पाणी.

झाडता झाडता ती बघत राहायची. एकदा म्हणाली, दोन नंबरचा आवाज कालच्यासारखा नाही. मी कान दिला, मला फरक कळला नाही. दुपारी बेअरिंग गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी तिला शिकवायला घेतलं. सहा महिने लागले. पंपात पाणी भरून हवा काढणं, गळती थांबवणारी ग्लँडची दोरी बदलणं, टाकीत उतरून जाळीचा कचरा काढणं. जाळीचं काम कोणालाच नको असतं. छातीभर घाण पाणी, हाताला काय लागेल सांगता येत नाही. ती उतरायची, कचरा काढायची, वर येऊन कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच नोंदवहीत वेळ लिहायची. अंगचोर माणसं मी चाळीस वर्षं पाहिली. ती त्यांतली नव्हती.

मी निवृत्त झालो आणि तिला हंगामी चालक म्हणून ठेवलं. सात वर्षं ती हंगामीच होती. कायम व्हायचं तर वस्तीच्या समितीचं शिफारसपत्र लागायचं, आणि समितीचे अध्यक्ष म्हणजे तिचे थोरले दीर. लोखंडी सामानाचं दुकान, वरच्या गल्लीत गोदाम. बोलणं साखरेसारखं. घरचंच तर आहे, देऊ की, असं ते तिला दरवर्षी सांगायचे. सातव्या वर्षी पत्राचा मसुदा खरंच तयार झाला. तिने तो मला आणून दाखवला. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून दोनदा वाचूनही दाखवला. कायम झाली की पंप तिच्या हातून कोणी काढून घेऊ शकणार नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं.

त्याच वर्षी संशोधनवाली आली. बदलत्या हवामानाला वस्ती कशी तोंड देते, आणि त्यात बायकांना पुरुषांच्या बरोबरीची जागा मिळते का, असा तिचा विषय. मुलगी वाईट नव्हती. महिनाभर राहिली, वस्तीत सगळीकडे पायी फिरली. मी अजून पंपघरात जाऊन बसायचो. तिने नोंदवह्या मागितल्या, मी काढून दिल्या. मी कामाला लागलो तेव्हा पंप वर्षाला चारशे तास चालायचे. निवृत्त झालो त्या वर्षी नऊशे. पाऊस तेवढाच, पण पूर्वी महिनाभर पडायचा तो आता तीन तासांत कोसळतो. हे तिने सगळं लिहून घेतलं.

एके दिवशी तिने सभागृहात नवरे-बायका एकत्र बसवून प्रत्येकाला चोवीस खडे दिले. एक खडा म्हणजे एक तास. दिवस कुठे जातो त्या खान्यात खडे ठेवायचे. एका गवंड्याने आठ खडे ‘विचार’ या खान्यात ठेवले. त्याची बायको म्हणाली, “तो विचार नाही बाई, घोरणं आहे.” सभागृह हसून लोटपोट. आक्काचे खडे संपले तेव्हा जाळी साफ करायची राहिलीच होती. तिने आणखी दोन मागितले. नाही मिळाले.

नंतर ती मुलगी पंपघरात आली. मी कोपऱ्यात दोरी कापत बसलो होतो. तिने दोन वर्षांपूर्वीच्या पुराबद्दल विचारलं. आधी एक कागद वाचून दाखवला, तुमचं नाव कुठेही येणार नाही, हे बोलणं आपल्यातच राहील, आणि खाली सही घेतली. आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सांग.

तिने सांगितलं. त्या दिवशी सकाळी वीज गेली. चालू होता फक्त डिझेलचा पंप, आणि तो एका वेळी एकाच बाजूचं पाणी ओढू शकतो. नियम असा की आधी खालच्या गल्ल्या. दिरांचा फोन आला, आधी वरची बाजू घे, गोदामात पाणी शिरतंय. तिने व्हॉल्व्ह फिरवला. खालच्या तीन गल्ल्या सहा तास पाण्यात राहिल्या. पुराचा इशारा समितीच्या लोकांच्या फोनवर गेला होता. ते सगळे पुरुष, सगळे कामावर. घरातल्या बायकांना इशारा मिळाला तो उंबऱ्यावरून आत आलेल्या पाण्याने.

“सांगणारा दुसरा होता,” आक्का म्हणाली, “पण फिरवणारे हात माझे.”

हे तिने तोवर मलाही सांगितलं नव्हतं.

दहा महिन्यांनी अहवालाची पुस्तिका छापून आली. छान कागद, वर नाल्याचा रंगीत फोटो. सभागृहात कार्यक्रम ठेवला. पान एकतीसवर एका चौकटीत तिचं बोलणं होतं, जसंच्या तसं, ‘हात माझे’ धरून. नाव नव्हतं. खाली लिहिलं होतं: विधवा महिला पंपचालक, वय ४४.

फोन करणाऱ्याला मात्र ‘समितीतील एक सदस्य’ केलं होतं. समितीत अकरा पुरुष. त्या अकरांत तो बेमालूम मिसळून गेला.

दिरांकडे पुस्तिका कार्यक्रमाच्या दहा दिवस आधीच पोचली होती. मधल्या रविवारी ते आक्काकडे चहा पिऊन गेले, तिच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करून गेले. पत्राबद्दल विचारलं तर म्हणाले, कार्यक्रमात जाहीर करू, सगळ्यांसमोर. कार्यक्रमाला ती नवी साडी नेसून आली होती.

अध्यक्षांनी पान एकतीसचा उल्लेखही केला नाही. त्यांनी पान बावन्न उघडून वाचलं: रात्रपाळीत असुरक्षित वाटते, असे अनेक महिलांनी सांगितले. पुस्तिका मिटली आणि म्हणाले, आमच्या घरच्या बाईला आम्ही इतकी वर्षं धोक्यात ठेवलं, ही आमची चूक. अहवालाचा मान राखून पंपाची जबाबदारी आता माझे जावई घेतील. आणि आमची भावजय आजपासून नव्या महिला पूर समितीची सदस्य. टाळ्या पडल्या. संशोधनवालीनेही वाजवल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी खुर्चीत बसून पाहिलं, आणि उठलो नाही.

खालच्या गल्ल्यांत पुस्तिका आदल्या दिवशीच पोचल्या होत्या, पान एकतीस दुमडून. कोणी पोचवल्या ते सांगायला नको. सभागृहाच्या दाराशी तिथली शिवणकाम करणारी बाई उभी होती. तिची दोन यंत्रं त्या पुरात गेली होती.

“आक्का, तूच फिरवलास?”

“हो.”

“दुसऱ्या दिवशी माझ्या घरातला गाळ काढायला आलीस. दिवसभर फावडं चालवलंस. तेव्हा तोंड नव्हतं का गं तुला?”

आक्का दाराकडे चालू लागली. शिवणवाली बाजूला झाली, तिला वाट दिली. तिच्यामागच्या बायकांनीही दिली.

बाहेर संशोधनवाली तिला शोधत आली. चेहऱ्यावर आनंद. समितीत घेतलं, चांगलं झालं ना, म्हणाली. मग आक्काचा चेहरा पाहून अडखळली. “मी नाव कुठेच येऊ दिलं नाही, आक्का.”

आक्काने विचारलं, “या वस्तीत पंप चालवणाऱ्या विधवा किती आहेत, ते मोजलंत का बाई?”

मुलीचा रंग उडाला. ती काहीतरी बोलली, दुरुस्ती करू, पुढच्या छपाईत काढू. आक्का तोवर निघाली होती.

पावसाला सहा आठवडे होते. दुसऱ्याच दिवशी मी अध्यक्षांकडे गेलो. सांगितलं की जावयाला पंप आणि पंखा यांतला फरक कळत नाही. ते शांतपणे म्हणाले, “म्हणूनच तर काका, तुम्ही शिकवा. नाहीतर पाणी कोणाच्या घरात जाईल, तुम्हाला माहीतच आहे.”

मी दोन दिवस विचार केला. खालच्या तीन गल्ल्यांत एकशे चाळीस घरं आहेत. तिसऱ्या दिवशी मी गेलो आणि शिकवायला सुरुवात केली. जावई हाताला मऊ, पण मुद्दाम चुका करणारा नव्हता. जाळीसाठी टाकीत उतरायला त्याने माणूस ठेवायचं ठरवलं. मी म्हणालो, आधी स्वतः उतर. चार वेळा उतरवला.

आक्काला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी तिच्या घरी गेलो. दुपारची वेळ. ती बाटल्या धुण्याच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, हातांची कातडी पांढरी पडलेली. तिने बसायला सांगितलं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एकशे चाळीस घरंही सांगितली.

तिने विचारलं, “किती दिवस झाले?”

“नऊ.”

“ग्लँड दाखवलीत?”

“दाखवली.”

ती आत गेली, पाणी प्यायली, परत आली. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तीन नंबरला पाणी भरताना हवेचा स्क्रू पुरता आवळायचा नाही,” ती म्हणाली. “अर्धा आटा सैल ठेवायचा. धार फुटली की मग आवळायचा. आधी आवळला तर हवा आत राहते आणि पंप पाणी सोडतो, नुसताच फिरतो. हे तुम्हालाही माहीत नाही. मला दुसऱ्या वर्षी कळलं.”

मी मान हलवली.

“त्याला सांगा. आणि काका, आता इकडे येऊ नका.”

तिने दार लावलं. आपटलं नाही, नीट कडी घातली.

दुसऱ्या दिवशी मी तीन नंबर तिने सांगितल्याप्रमाणे चालू करून पाहिला. एकोणीस वर्षं मी तो पंप चालवला. दर खेपेला तो दोनदा पाणी सोडायचा आणि मी यंत्र जुनं झालं म्हणायचो. अर्धा आटा सैल ठेवला, धार फुटली, मग आवळला. पहिल्याच झटक्यात त्याने पाणी धरलं. जावयाने विचारलं, ही युक्ती कोणाची. मी त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि नोंदवहीत वेळ लिहून खाली स्वतःचं नाव घातलं.