आप्पांनी भरलेला अर्ज

महालिंगआप्पांची माझी पहिली गाठ त्यांच्या कापड दुकानात पडली आणि तेव्हापासून त्यांनी माझं डोकं खाल्लं आहे. मी पँटपीस घ्यायला गेलो होतो. गावात केबल नुकतीच आली होती, पण आप्पांचा विश्वास पेपरवर. कुठल्याशा दूरच्या देशात लोक रस्त्यावर उतरले आणि हुकूमशहा पळाला, अशी बातमी ते वाचत होते. मी म्हणालो, "झालं, आली लोकशाही."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "पळाला ते लई बरं झालं. पन त्याच्या खुर्चीवर कोन बसलं, ते उद्या बगू." कापड मिळायला तासभर लागला.

वडवणीजवळच्या आमच्या गावात वीस वर्षं एकच सरपंच होते. नळाच्या व्हॉल्वची किल्ली त्यांच्या घरी. मर्जी असेल त्या गल्लीला पाणी. आप्पांनी दुकान बंद ठेवलं आणि बायकांना रिकाम्या घागरी घेऊन सरपंचांच्या दारात बसवलं. घोषणा द्यायला मी. तिसऱ्या दिवशी सरपंचांनी राजीनामा दिला आणि गावाने मला खांद्यावर घेतलं.

मग निवडणूक लागली. आमच्याकडे बिनविरोध झाली की गावाची अब्रू राहिली असं मानतात. मारुतीच्या पारावर बैठक होऊन नावं ठरली, सरपंच म्हणून माझं. आणि अखेरच्या दिवशी माझ्याविरुद्ध कुणी अर्ज भरावा? आप्पांनी!

मी तणतणत दुकानात गेलो. "आप्पा, कावून असं? आंदोलन आपलंच हाय ना?"

"जुन्या सरपंचाला लोकांनी खुर्चीवरून उठवलं. तुला बशिवलं कुनी? पारावरच्या सात म्हाताऱ्यांनी. त्यात मीबी व्हतो, चुकलं माझं. आता मत पडू दे."

मतदान झालं. मी थोडक्यात निवडून आलो. पहिला हार आप्पांनीच घातला, आणि पहिल्याच ग्रामसभेत उभे राहून विचारलं, "व्हॉल्वची किल्ली कुटं असती?"

माझ्या घरी होती. सोय म्हणून. ती त्याच दिवशी पंचायतीच्या भिंतीवर लागली, आणि मी सहा महिने आप्पांशी धड बोललो नाही.

त्याच काळात आई आजारी पडली. बीडच्या दवाखान्यात आप्पा आठ दिवस तिच्या उशाशी बसले. नवव्या दिवशी तिथेच मला म्हणाले, मागच्या सभेचं इतिवृत्त अजून का लिहिलं नाही? काय करावं अशा माणसाचं?

मोर्चाने सत्ता उलटते, हे मी पाहिलं. पुढचं काम किती चिवट असतं, ते आप्पांवर चिडता चिडता कळलं. त्यांचे गुडघे आता दुखतात, तरी ग्रामसभेत ते पहिल्या रांगेत असतात. पंचाहत्तरी गाठलेल्या आप्पांना निरोगी शंभर वर्षं लाभोत. हे मागणं निःस्वार्थ नाही. समोर आप्पा बसलेले नसले, तर मी कसा वागेन याचा मला भरवसा नाही.