चार संस्था, एक तलाव आणि यमुनाबाई

आमच्या कामात अहवाल वर जातात आणि किस्से खाली उरतात. अहवालात जे बसत नाही ते आम्ही जीपमध्ये बोलतो. गोंदियाहून देवरीला एकदा जाऊन आलं की चार तरी किस्से गाठीला लागतात. पंधरा वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत, की मुर्रीला घरी गेले की नवरा विचारतो, "तू संस्थेत कामाला आहेस की नाटक कंपनीत?"

आता सांगते ते सगळे एकाच गावाचे.

झालं असं, की आम्ही होतो चार संस्था. एकीचं काम पाण्यावर, एकीचं बचत गटांवर, एकीचं शेतीवर, एकीचं आपत्तीवर. गावं मात्र तीच! पूर येवो की पाऊस दडी मारो, गावानं त्यातून तगून जावं, हेच चौघींचं म्हणणं. पण प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, नकाशा वेगळा, समिती वेगळी. शेवटी वरून निरोप आला: चौघी मिळून एकच पद्धत ठरवा आणि आधी मोजक्या गावांत करून दाखवा. आमची मोट बांधायला पुण्याहून केतकी आली. पोरगी हुशार, मनानं निर्मळ, पण लॅपटॉप उघडल्याशिवाय पाणी पीत नसे.

दवनीवाड्याच्या पुढे हे गाव. गावाच्या डोक्यावर मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव. त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, एका जागी खचलेली. पाळीच्या पायथ्याशी तीस-चाळीस घरांचा खालटोला, आणि त्यातलं सगळ्यात पहिलं घर यमुनाबाईचं. पहिल्याच दिवशी तिनं मला हात धरून पाळीवर नेलं.

"मॅडम, तुमची पद्धत ठरो का नोको ठरो. पाळ फुटली तं पयला घर माहा जाते. पाण्याच्या आंधी काही करता का, तेवढं सांगा."

मी म्हटलं, करू. करू म्हणायला काय लागतं!

*

पहिली ग्रामसभा. चौघींनी आपापल्या समित्या एकत्र करायच्या, असं ठरलेलं. केतकी माइकवर म्हणाली, "चारही समित्यांच्या अध्यक्षांनी कृपया उभं राहावं."

यमुनाबाई उभी राहिली.

केतकीनं वाट पाहिली. कोणी उठेना. "बाकीचे तीन अध्यक्ष?"

"मीच हाव," यमुनाबाई म्हणाली. "पाण्याची मीच, बचतीची मीच, शेतीची मीच, आपत्तीची बी मीच."

मग सदस्यांना उभं केलं. तीच अकरा माणसं चार वेळा उठली, चार वेळा बसली. चौथ्यांदा एक म्हातारबुवा वैतागले. "काऊन वो, हे व्यायामाची पाचवी समिती हाय का?"

आम्ही चौघींनी वर्षानुवर्षं चार समित्या दाखवून चार वेळा पाठ थोपटून घेतलेली! मी खाली मान घातली. केतकीनं मात्र वहीत लिहिलं, "समित्यांचं एकत्रीकरण: पूर्ण." पद्धतीची पहिली पायरी अर्ध्या तासात पार.

*

दुसरी पायरी नकाशा. हा घोळ मात्र आमच्याच हातचा.

बिसेन सर आपत्तीवाल्या संस्थेचे. माणूस शिस्तीचा, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. ते म्हणाले, नकाशा बायांनीच काढायचा, जमिनीवर, रांगोळीनं. बायांनी झकास काढला. तलाव निळा, रस्ता पांढरा, शाळा पिवळी. आता धोक्यातली घरं कशानं दाखवायची? लाल रंग संपलेला. यमुनाबाई घरात गेली आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. धानाच्या मुलखात तांदळाला काय तोटा! खालटोल्याच्या एकेका घरावर चार-चार दाणे ठेवले.

तेवढ्यात चहा आला. आम्ही सगळे ओसरीत गेलो. चहा झाल्यावर बिसेन सरांनी वरून, खुर्चीवर चढून, नकाशाचा फोटो काढला आणि तिथूनच पाठवून दिला.

आठ दिवसांनी पहिल्या गावांची यादी आली. आमचं गाव नाही! मी केतकीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, तुमच्या नकाशात धोक्यातलं घर एकही नाहीये."

फोटो उघडून पाहिला. तलाव आहे, रस्ता आहे, शाळा आहे. खालटोला साफ! कोपऱ्यात एका कोंबडीची शेपटी.

यमुनाबाईला सांगायला मीच गेले. वाटलं, आता रडेल नाहीतर शिव्या देईल. तिनं फोटो निरखून पाहिला. "हे तं माहीच कोंबडी हाय." मग म्हणाली, "कोंबडीनं खाल्ला म्हणून पाणी थोडी ना सोडणार हाय, मॅडम."

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. बिसेन सरांनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

*

गाव यादीत परत घालायचं तर पाळ खरंच कमजोर आहे, हे दाखवायला हवं होतं. एक इंजिनिअर साहेब आले. तिपाई, दुर्बीण, टेप, दोन माणसं. सकाळपासून पाळीवर मोजमाप चाललं होतं.

बाजूला कापगते आजोबा बसलेले. हे गावचे पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, धानाच्या शेताला, किती आणि कधी सोडायचं ते पाहणारे. जातीचे कोहळी. त्यांच्या वाडवडलांनीच या भागात तलाव बांधले. साहेबांचं चाललेलं पाहून ते विचारत होते, "का शोधून राहिले?"

"पाळ कुठं कमजोर आहे ते," मी म्हटलं.

"मंग मले काऊन नाही विचारत?"

आजोबा उठले, चप्पल काढली, पाळीच्या खालच्या अंगानं चालत गेले आणि एका जागी काठी रोवून परत येऊन बसले. दुपारी साहेबांचा हिशोब जुळला. त्यांनी खूण करायला माणूस पाठवला, तर तिथं आधीच काठी!

साहेब चकित. "बाबा, आपने कैसे पता लगाया?"

"खेकड्यायले विचारलं," आजोबा म्हणाले. "जिथं माती पोकळ, तिथंच ते भोकं पाडतेत. त्यायले टेप लागत नाही."

साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी आजोबांना आपल्या डब्यातली पुरणपोळी दिली आणि अहवालात लिहिलं, "स्थानिक ज्ञानाशी पडताळणी केली." गाव यादीत परत आलं. त्या दिवशी जीपमध्ये बिसेन सरांनी गाणं म्हटलं. आवाज भयंकर, पण आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

यादीत आलो म्हणून काम सुरू होतं थोडंच! आधी बॅनर हवा. चार संस्थांचे चार लोगो. कोणाचा पहिला, कोणाचा मोठा, यावर आमच्या तीन बैठका झाल्या. खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त भांडले मीच. शेवटी चारही लोगो सारखे मोठे काढले, त्यामुळे बॅनर एवढा झाला की शाळेच्या भिंतीवर मावेना. दोन झाडांना बांधला.

उद्घाटनाच्या दिवशी केतकीचं भाषण रंगात आलेलं, आणि अचानक अवकाळी पाऊस. समोरच्या खळ्यात उन्हाळी धान उघडं पडलेलं! बाया उठल्या, त्यातल्या चौघींनी चार टोकांच्या दोऱ्या सोडल्या आणि बॅनर धानावर! कडेला दगडही ठेवले. धान वाचलं. चारही लोगो उताणे पडून भिजत होते.

आम्ही ओसरीत चिंब उभ्या. यमुनाबाई पदर पिळत आली.

"मॅडम, बॅनर मजबूत हाय. पुढच्या बारीले आणखी मोठा छापा!"

*

मग मॉक ड्रिल. शिट्टी वाजली की सगळ्यांनी फक्त महत्त्वाची वस्तू घेऊन दहा मिनिटांत शाळेत यायचं. बिसेन सर हातात घड्याळ धरून उभे. गाव आलं, आठ मिनिटांत! आता वस्तू तपासायच्या. कोणी आधार कार्ड आणलेलं, कोणी बियाण्याचं धान, कोणी बकरी. एक आजी पदराखाली काहीतरी घट्ट धरून बसलेली.

"आजी, काय आणलं?"

आजीनं टीव्हीचा रिमोट दाखवला.

बिसेन सर समजावू लागले, "आजी, पुरात टीव्ही घरीच राहणार. रिमोट कायले आणला?"

"गाव रिकामं पाहून चोर टीव्ही नेईन," आजी म्हणाली. "पण रिमोटबिगर का करेन तो?"

बिसेन सरांनी 'महत्त्वाची वस्तू' या रकान्यात ते लिहून घेतलं. नाइलाज होता.

*

हे सगळं होईपर्यंत जून उजाडला. पद्धतीचा मसुदा सातव्यांदा बदलला जात होता. चौथ्या संस्थेला 'टप्पा' नको होता, 'पायरी' हवी होती. पाळीचं काम मसुदा मंजूर झाल्यावर. यमुनाबाई थेट गोंदियाला, आमच्या ऑफिसात येऊन धडकली.

"तुमचा कागद कवा होते?"

केतकी म्हणाली, "अजून दीड महिना तरी."

"आन् पाणी कवा येते?"

"पंधरा दिवसांत."

"मंग पाण्याले एक पत्र लिवा," यमुनाबाई म्हणाली, "का बाबा, दीड महिना थांब, मॅडमचं चालून राहिलं."

ती चहा न घेता उठली. दुसऱ्या दिवशी कळलं, गावानं ठरवलंय: घरटी एक माणूस, रोज सकाळी, पाळीवर. कुठं किती माती टाकायची ते कापगते आजोबा सांगणार. मला राहवेना. मी गेले, केतकी गेली, बिसेन सरही पँट दुमडून आले. खेकड्यांची भोकं बुजवता बुजवता माझ्या हाताला असे फोड आले की आठवडाभर पोळी लाटता आली नाही. पण खरं सांगते, त्या सातही मसुद्यांपेक्षा मला तेच दिवस गोड वाटले.

*

आणि आता हा शेवटचा.

जुलै. तीन दिवस पाऊस नुसता कोसळत होता. गोंदियाच्या हॉलमध्ये आमची अंतिम बैठक. मसुदा एकदाचा पक्का व्हायचा होता. अकरा वाजता माझा फोन वाजला. यमुनाबाई. आवाज तुटत होता. "मॅडम, तलाव भरला... पाळीवरून..." आणि फोन बंद!

डोळ्यांसमोर एकच, पाळीखालचं ते पहिलं घर. आम्ही सहा जण उठलो. दोर, लाइफ जॅकेट, शिट्ट्या, मेगाफोन, सगळं जीपमध्ये कोंबलं. वाटेत केतकी मागं बसून मनात काहीतरी पुटपुटत होती. गावाअलीकडच्या नाल्याच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, जीप कशीबशी काढली. मागं वळून पाहिलं तर रपटा पाण्याखाली! पुढे जीप चिखलात रुतली. मग गुडघाभर पाण्यातून पायी, अंगात लाइफ जॅकेट घालून. बिसेन सर एकदा घसरून पार बसले. मेगाफोन गेला वाहून.

खालटोल्यात पोचलो तर चिटपाखरू नाही. दारांना कड्या. यमुनाबाईच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागलेलं, पण घर उभं होतं. वर पाळ उभी होती. मी तिथंच पाण्यात उभी राहून रडले, अगदी हुंदके देऊन.

शाळेकडे गेलो तर तिथं सगळं गाव! चुली पेटलेल्या, बकऱ्या व्हरांड्यात, म्हातारी माणसं चटईवर. कापगते आजोबांनी पहाटेच चार माणसं नेऊन सांडवा मोकळा केला होता, म्हणून पाणी पाळीवरून न जाता बाजूनं निघालं. यमुनाबाई हातात वही घेऊन सगळ्यांची नावं टिपत होती. आम्हाला पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"आवो बापा! तुमी कायले आले? 'पाळीवरून पाणी नाही गेला, काळजी नोको करू', हेच सांगून राहिली होती ना मी!"

तिनं मला आपलं कोरडं लुगडं दिलं, केतकीला कोणाची तरी चादर. बिसेन सरांना एका म्हाताऱ्याचं धोतर मिळालं. गरम भात, वरण, वर आंबाडीची चटणी. पंगतीत बसून आम्ही सहा जण वखवखल्यासारखे जेवलो.

इतक्यात बिसेन सरांचा फोन वाजला. वरचे मोठे साहेब, नागपूरहून. आवाज घाबरा. सरांचा हात भातानं भरलेला, म्हणून यमुनाबाईनंच फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"किती लोक अडकलेत?" साहेबांनी विचारलं. "मला लगेच वर आकडा द्यायचा आहे!"

यमुनाबाईनं वहीचं पान उलटलं, बोटानं एकेक नाव मोजलं.

"गावचा एक बी नाही, साहेब. सहा हायेत, समदे तुमचेच. पण काळजी नोको करू, त्यायले जेवाले वाढलं. पाणी उतरलं का आणून सोडतो!"