तणमोराच्या माळावरची मारहाण

मी वनरक्षक आहे. तेव्हा माझी नेमणूक अकोल्याकडच्या एका गावात होती. तिथला माळ चराईनं पार खरवडून निघालेला. वनखातं, गावची समिती आणि पक्ष्यांसाठी काम करणारी एक संस्था, अशा तिघांनी मिळून तो चराईला बंद केला, गवताचं बी टाकलं. काही पावसाळ्यांत गवत कमरेला लागलं आणि एका श्रावणात तणमोर आला. काळाभोर, कोंबडीएवढा नर. मादीला भुलवायला गवतातून सरळ वर उडी मारायचा. देशात हे पाखरू आता फार थोडं उरलंय. समितीची अध्यक्ष भाजी पिकवणारी बाई होती. वांगी तोडता तोडता मला फोन करायची, "मॅडम, उडून राहिला आपला!"

भाद्रपदात एका सकाळी तिचाच फोन आला. "कुत्रे सोडले त्यायनं माळात. धावा!"

मी पोचले तेव्हा तिघं शिकारी गवतात होते. एकानं कुत्र्याच्या जबड्यातून तणमोर ओढून काढला. पाखरू अजून फडफडत होतं. माझ्याकडे बघत बघत त्यानं त्याची मान पिरगाळली.

मी त्याची कॉलर धरली. त्यानं खांद्यावरची कुऱ्हाड उलटी करून माझ्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ मागाहून. अध्यक्षबाई विळा घेऊन त्याच्यावर धावली, तिला त्यानं पोटात लाथ घातली. ती पडली, पण पडता पडता विळा त्याच्या मांडीत रुतवून गेली. तो कोसळला. बाकीचे दोघं मोटारसायकलवर पळाले.

तोवर आजूबाजूच्या वावरांतली माणसं काठ्या-फावडी घेऊन आली. आधी कुत्री मारली. मग त्याला. काठ्या बसत होत्या तसा तो किंचाळत होता, मग किंचाळणंही थांबलं. त्याचे दात गवतात पडलेले मी पाहिले. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मग कुणीतरी मोठा धोंडा उचलला.

मी त्याच्या अंगावर आडवी पडले. एक काठी माझ्या पाठीत बसली.

"कावून वाचवून राहिल्या त्याले?" अध्यक्षबाई ओरडली. "हात तोडला त्यानं तुमचा!"

"मेला तर तुमीच जेलात जाल," मी म्हणाले. मीही वऱ्हाडीच, ओरडताना तेच तोंडात आलं. "आन् पळालेले दोघं कोण, हे कोण सांगीन मंग?"

धोंडा खाली पडला, पण माझ्या डोक्यापासून फार लांब नाही.

एकाच जीपमध्ये आम्हाला अकोल्याला नेलं. मी पुढे, तो मागे, आणि पंचनामा करून सीलबंद केलेला तणमोर माझ्या मांडीवर. वाटेत तो माणूस शुद्धीवर आला आणि त्यानं पाणी मागितलं. मी दिलं नाही. ड्रायव्हरनं दिलं.

तो जगला. त्यानं दोघांची नावं सांगितली. वन्यजीव कायद्याखाली तिघांनाही शिक्षा झाली. त्याला मारणाऱ्या चौघांवरही गुन्हा दाखल झाला, त्यात अध्यक्षबाईचा दीर होता. त्या चौघांविरुद्ध साक्ष मीच दिली.

पुढच्या पावसाळ्यात माळ बंदच राहिला. समितीच्या बैठकीत अध्यक्षबाई माझ्याशेजारी बसायची, कामापुरतं बोलायची. एकदा चहा पुढे करत म्हणाली, "तुमचं बरोबर असन मॅडम. पण मले नाही पटलं. अजूनबी नाही."

मी चहा घेतला. डाव्या हातानं, कारण उजव्यात कप धरवत नव्हता.