बांधावरची थू

सन एकोणीसशे त्रेचाळीस. माघ सरत आला होता, हुरडा संपून शाळूचं कणीस कडक झालं होतं. इस्लामपूरच्या बाजूला, कृष्णेच्या काठी आमचं गुऱ्हाळ चालू होतं. मी चुलवाणाला जाळ घालायचो. गुऱ्हाळावर चिपाडं साठतात तसे किस्सेही साठतात. कितीही जाळा, ढीग तेवढाच.

आमचा गुळव्या गणूतात्या. पाक उतरवायची वेळ डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखायचा. गार पाण्यात हात बुडवायचा, तोच हात उकळत्या काहिलीत घालायचा आणि पाकाची गोळी वळून बाहेर काढायचा. असा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. आजही नाही.

त्या साली सांगलीच्या पेठेत बाबूअण्णा अडत्यानं तात्याच्या गुळाचा खडा तोंडात टाकला आणि भर सौद्यात थुंकला. "थू! कडू जहर!" म्हणाला. पेठ हसली. गूळ मातीमोल गेला.

तात्या परत आला. डोक्याचा पटका काढून मेढीच्या खुंटीला अडकवला.

"माझ्या गुळाचा खडा त्याच्याच पोटात गेल्याबिगर पटका बांधणार न्हाई," म्हणाला.

आमच्याकडं बोडक्या डोक्यानं माणूस फक्त सुतकात हिंडतो. तात्या तसाच काहिलीवर बसू लागला.

*

आता थूचा कायदा सांगतो. गुऱ्हाळाच्या मांडवात थू म्हणायची बंदी होती. थुंकायची तर होतीच, पण नुसतं म्हणायचीही. तात्याचं म्हणणं, "थू म्हणलं की त्वांडातनं काय ना काय उडतंच. गूळ देवाला जातो." ज्याला थू म्हणायचं असेल त्यानं मांडवातून उठायचं, बांधावर जायचं, काहिलीकडं पाठ करायची, म्हणायचं आणि परत यायचं.

किडक्या उसाला मांडवात "छ्या" चालायचं. मळीत बेडूक निघाला तर "शी" चालायचं. थूला मात्र बांध.

त्यामुळं आमच्यात थू स्वस्त झाली नाही. अर्ध्या वाटेत राग उतरायचा आणि माणूस परत फिरायचा. बांधापर्यंत जो पोचला, त्याची थू खरी.

*

शेजारच्या वस्तीवरचा रामू पलटणीतून रजेवर आला होता. बूट घालून मांडवात शिरला, काकवीवर माशी बघून म्हणाला, "डर्टी!"

तात्यानं विचारलं, "म्हंजे काय रं?"

"घाण. सायेब म्हणतो."

"सायबाचं सायबाला न्हेऊन दे. आदी ती पायतानं भायेर काढ. गुळाच्या मांडवात चामडं घालून आलास आन माशीला नाव ठेवतोस व्हय?"

रामूनं बूट काढले. मग बांधावर जाऊन आला. कुणाला थू म्हणाला ते आम्ही विचारलं नाही.

*

घाण्याला जतकडचा मल्लाप्पा ऊस घालायचा. निम्मं मराठी, निम्मं कानडी. एकदा मी विचारलं, "मल्लाप्पा, तुमच्या कानडीत थूला काय म्हणत्यात?"

"थूच म्हणत्यात की."

"मग शिकलास काय आमच्यात येऊन?"

"चालायला शिकलो गड्या. आमच्यात थुंकायला एवढं लांब कोण जात न्हाई."

*

बैल हाकायला दुष्काळी माणातला धोंडीबा. ह्याला किळस ठाऊकच नव्हती. ताकात माशी पडली तर काढून टाकायचा, ताक प्यायचा. डेऱ्यात पाल पडली तेव्हा आम्ही सगळे मागं सरलो. हा म्हणाला, "गाळून घ्या. पाणी हाय त्ये."

आम्ही पैज लावली, धोंडीबा जन्मात बांधावर जाणार नाही.

एक दिवस मालकाचा जावई आला. पिण्याची भरली घागर उचलली, दोन चुळा भरल्या आणि उरलेली पायावर ओतली. पाणी मांडवाबाहेर वाहत गेलं.

धोंडीबानं बैल थांबवले. बांधावर गेला. त्याची थू आम्हाला मांडवात ऐकू आली. परत येऊन त्यानं बैल हाकले.

जावयानं मला हळूच विचारलं, "काय झालं हो त्याला?"

"पैज हरलो आमी," मी म्हणालो.

*

फाल्गुन सरत आला. शेवटच्या रसाचं आधण काहिलीत होतं. हंगाम संपला असता तर तात्याचा पटका वर्षभर खुंटीलाच राहिला असता. पुढं कोणत्या गुऱ्हाळानं त्याला बोलावलं असतं?

उन्हं कलली आणि बैलगाडी थांबली. बाबूअण्णा उतरला. मागं पेठेतले चौघं. सौद्यात हसलेले तेच.

अण्णानं चपला बाहेर काढल्या. मांडवात येऊन उभाच राहिला.

"तात्या, त्या दिवशी हिवतापाची गोळी घिऊन सौद्याला आलो हुतो. घरी गेलो तर दूधबी कडू लागलं. तवा कळलं."

"तवा कळलं, मग महिनाभर कुटं हुता?"

"लाज वाटली."

"आन आज?"

"आज ह्यास्नी संगट घिऊन आलोय. खडा द्या. आमा जैनास्नी दिवस बुडल्यावर खाता येत न्हाई, लौकर द्या."

तात्यानं आधण गूळ थंड करायच्या वाफ्यात उतरवलं. निवत आलेल्या कडेचा खडा मोडून अण्णाच्या हातावर ठेवला. अण्णानं तो चौघांसमोर चावून, सावकाश गिळला. मग मांडवाबाहेर निघाला. दरसाल येणारा माणूस, त्याला कायदा ठाऊक होता. बांधावर जाऊन त्यानं काहिलीकडं पाठ केली, सांगलीच्या दिशेला तोंड केलं.

"थू माझ्या जिभंवर," म्हणाला.

तो परत येईस्तोवर मांडवात कुणी हललं नाही.

तात्यानं खुंटीचा पटका काढला, झटकला आणि बांधला.

"जाळ वढ रं, झाला हंगाम," मला म्हणाला.