बिरूची सहा नावं

बिरू माणसाचं तोंड नंतर बघायचा, आधी पाय. बँकेतून निवृत्त होऊन मी क्लबच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "भाऊसाहेब, डावा गुडघा दुखतो का हो?" दुखत होता. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

क्लब गोल्फचा. आमच्या संभाजीनगरात गोल्फ क्लब आहे हे अर्ध्या शहराला ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना आत सोडत नाहीत. दौलताबादच्या रस्त्याला आहे. पाचव्या होलवर, म्हणजे मैदानाच्या पाचव्या टप्प्यावर, उभं राहिलं की समोर किल्ला दिसतो, बाकी तिन्ही बाजूंना प्लॉटिंगचे बोर्ड. ही जमीन पूर्वी गायरान होती, बिरूचा बाप इथं मेंढरं चारायचा. क्लब झाला तेव्हा मेंढरं बाहेर गेली आणि बिरू आत आला, माळी म्हणून. मेंबर लोक ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकानं सांगत. पूर्वी इथंच मेंढ्या राखायचा, आता आमचं गवत राखतो, असं. बिरू जवळच पाइप धरून उभा असायचा आणि पाहुणे त्याच्याकडे बघून मान डोलवायचे.

त्याचा मुलगा रामेश्वर. कॅडी म्हणून मेंबरांच्या पिशव्या उचलता उचलता, त्यांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी खेळायला शिकला आणि चोविसाव्या वर्षी परीक्षेचे सामने पार करून व्यावसायिक खेळाडू झाला. त्याचा अर्ज मी भरला होता. पण व्यावसायिक झालं म्हणजे पोट भरलं असं नाही. दर पंधरवड्याला नव्या शहरात जायचं, राहायचं, प्रवेश फी भरायची, आणि हरलं की हात हलवत परत यायचं. हे सोसायला पाठीशी कुणी तरी लागतो. नानासाहेब म्हणाले, मी आहे. आजूबाजूच्या बोर्डांपैकी निम्मे त्यांचेच, शिवाय क्लबच्या कमिटीवर. पाच माणसांसमोर त्यांनी रामेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला. "फेब्रुवारीतली आपली स्पर्धा खेळ, पोरा. मग पुढचं वर्ष तुझा सगळा खर्च माझ्याकडं." त्या शब्दावर रामेश्वरनं सरावाच्या मैदानावरची नोकरी सोडली. बानाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, वस्तीत पेढे वाटले.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. अठरा सालच्या पावसानं पाठ फिरवली होती आणि एकोणीसच्या फेब्रुवारीत शहरात नळाला सहाव्या दिवशी पाणी येत होतं. स्पर्धा रद्द करावी असं कमिटीत कुणी म्हणालं नाही. सांडपाणी शुद्ध करून मिळतं ते टँकरनं आणायचं आणि फक्त ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची गवताची गादी, तेवढी हिरवी ठेवायची असं ठरलं. बाकी मैदान भाजून निघालं होतं. बिरू दिवसभर त्या गाद्यांना पाणी पाजायचा आणि संध्याकाळी वस्तीवर जाऊन बायकोला विचारायचा, आज प्यायचा टँकर आला का. बहुतेक दिवशी नाहीच असं उत्तर असायचं.

अशात हिमांशूनं तो खेळ आणला. हिमांशू वाळूजच्या एका कारखान्यात मॅनेजर, वय पस्तीस, कायम हातात फोन. फोनवर तो परदेशातल्या स्पर्धांसाठी म्हणे काल्पनिक संघ लावायचा. तोच खेळ त्यानं आमच्या स्पर्धेसाठी बसवला. प्रत्येक खेळाडूला त्याच्या नावलौकिकाप्रमाणे गुणांची किंमत. आपण सहा जण निवडायचे, पण सहांची बेरीज साठच्या वर जाता कामा नये. दोन नामांकित घेतले की उरलेले चार कुठल्या तरी कोपऱ्यातून शोधून काढावे लागतात. तुमचे सहा जण चार दिवसांत जसे खेळतील तसा तुमचा नंबर. जिंकेल त्याला कप. गुरुवारी सकाळी सातला खेळ सुरू होईपर्यंत नावं बदलायची मुभा होती.

एकतीस मेंबरांनी संघ लावले. ज्यांना स्वतःला चेंडू नीट मारता येत नाही ते दुसऱ्याच्या मनगटाबद्दल तासन्‌तास बोलू लागले. सगळ्यांच्या याद्या मी माझ्या अक्षरात मोठ्या तक्त्यावर लिहिल्या आणि तक्ता क्लबच्या दारात लावला. अकरा जणांनी रामेश्वरला घेतलं होतं. त्याची किंमत नवखा म्हणून चारच गुण, आणि मैदान त्याच्या पायाखालचं. रामेश्वर येता-जाता तक्त्यासमोर थांबायचा. लाजायचाही. त्या अकरांत नानासाहेब होते.

मग हिमांशूला वाटलं, गंमत म्हणून स्टाफचीही एक यादी हवी. "बिरूकडून घ्या, सदाशिवराव. बत्तिसावी एंट्री. मजा येईल."

बिरूला मजाबिजा काही कळली नाही. त्यानं ते एक काम म्हणून अंगावर घेतलं. सरावाचे दोन दिवस तो खांद्यावर पाइप टाकून खेळाडूंच्या मागं मागं फिरला. बुधवारी चार वाजता ऑफिसात आला, दाराशी चपला काढल्या आणि खाली बसून सांगायला लागला. तिसऱ्या होलखाली मुरूम आहे, तिथं चेंडू उसळतो, सातव्याला काळी जमीन भेगाळलीय, तिथं तो मरतो. अमका खेळाडू कडक जमिनीवर टाच आधी टेकवतो, चौथ्या दिवशी त्याची कंबर धरणार. तमका पाय सबंध टेकतो आणि हळू चालतो, तो टिकणार. नावं त्याला ठाऊक नव्हती, निळी टोपी, उंच सरदारजी, खोकणारा अशा खुणांवरून आम्ही नावं काढली. मी गुणांची बेरीज केली. एकोणसाठ.

"आणि रामेश्वर?" मी विचारलं. "एकाला काढून त्याला घे. चारच गुण आहेत."

बिरूला मी काही तरी भलतंच बोललो असं वाटलं.

"आपलं कसं धरायचं, भाऊसाहेब? माझा बा मेंढा पारखायला गावोगाव जायचा. लोक बोलवायचे. त्याचा एक नेम व्हता. दुसऱ्यासाठी पारखायला बसलं की आपलं जनावर त्यात धरायचं नाय. लई चांगलं असंल तरी नाय. आपलं धरलं की ती पारख राहत नाय, धंदा व्हतो."

"पण तो चांगला खेळेल ना?"

"मंग? समद्यात त्योच चांगला हाय. त्याचं पाऊल बघा तुम्ही. म्हून तर त्याला सोडून बाकीच्यातले सहा काढले."

"हे यादीखाली लिहू का?"

"त्यात काय लिवायचं? बघणाराला कळतंय की."

हीच त्याची चूक. त्याला वाटलं, जगात सगळ्यांना हा नेम ठाऊक आहे. बाप स्वतःचं पोर यादीत घालत नाही, हे बघणाऱ्याला आपोआप समजेल. आणि मी, बँकेत पस्तीस वर्षं शेरे लिहिण्यात घालवलेला माणूस, मी एक ओळ लिहिली नाही. तक्त्यावर जागा नव्हती असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. जागा होती.

बत्तिसावी यादी लागली आणि तासाभरात क्लबभर झालं. बिरूनं पोराला घेतलं नाही. मग माझा फोन वाजायला लागला. पहिला हिमांशूचा. "सदाशिवराव, आत काही तरी गडबड दिसते. त्या मुलाला काही दुखापत आहे का? राहू दे, माझ्या यादीतून रामेश्वर काढा, तो नागपूरचा घाला." मी तक्त्यावर जाऊन नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. मग दुसरा फोन, मग तिसरा. कुणी विचारलं नाही की बिरूनं असं का केलं. मीही आपणहून सांगितलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी, साहेबानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं. गुरुवारी सकाळपर्यंत अकरांतल्या आठ जणांनी त्याला काढून टाकलं होतं.

साडेसहाला नानासाहेब तक्त्यासमोर आले. मी तिथंच, खेळाडूंच्या नोंदीची वही घेऊन उभा होतो.

"ये देखो, सदाशिवराव," ते म्हणाले. "बापाचा भरवसा नाय अन् मी लावू व्हय? काटो मेरा भी."

माझी नोकरी वर्षावर होती आणि मुदत मार्चात संपत होती. मुदत वाढवणाऱ्या कमिटीत हे गृहस्थ. 'नानासाहेब, तसं नाही ते, त्याच्या बापाचा नेम आहे,' एवढंच म्हणायचं होतं. दहा सेकंदांचं काम. मी पेन काढलं आणि नाव खोडलं. नववं.

एवढ्यात रामेश्वर आला. पांढरा शर्ट, आईनं इस्त्री केलेला. त्यानं नानासाहेबांना वाकून नमस्कार केला. नानासाहेब हसले, अगदी प्रेमानं. "पहिले घर में पास हो जा, बेटा. बाप तुला घेईना, मी कसा घेऊ? बघू पुढच्या साली." आणि चहाला गेले.

रामेश्वर तक्त्याकडे वळला. बत्तिसावी यादी त्यानं बोट ठेवून वाचली, सहाच्या सहा नावं. मग वरच्या याद्या, जिथं जिथं त्याचं नाव खोडलं होतं तिथं तिथं थांबत. मी वहीत बघत होतो. माझ्याकडे त्यानं एकदा पाहिलं हे मला न बघता कळलं. मग त्याच्या नावाचा पुकारा झाला आणि तो गेला.

दोन दिवसांनी निम्मे खेळाडू घरी पाठवतात. रामेश्वर एका फटक्यानं बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या ग्रीनवर दोन हात अंतराचा सोपा चेंडू त्याच्याकडून भोकाच्या कडेनं गेला. ती गादी बिरूनं पहाटे पाणी घालून, हातानं खडे वेचून तयार केली होती. तो पलीकडं झुडपाजवळ उभा राहून बघत होता. पोरगं त्याच्या अंगावरून गेलं, थांबलं नाही. बापाला वाटलं हरल्याचं दुःख आहे, संध्याकाळी घरी बोलू. संध्याकाळी रामेश्वर पुण्याच्या गाडीत बसला होता.

आणि कप बिरूला मिळाला. त्याचे सहाच्या सहा जण चारही दिवस टिकले, निळी टोपीवाला तर दुसरा आला. रविवारी दुपारी मांडवात नाव पुकारलं तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हिमांशूनं माईकवर सांगितलं, "याला म्हणतात नजर. सख्खा मुलगा पण घेतला नाही. नो इमोशन." बिरूच्या हातात कप दिला आणि दोन शब्द बोल म्हणाले. त्यानं माईक फार जवळ धरला.

"पोराला सोडून बाकीच्यातून निवडायचं व्हतं," तो म्हणाला. "पारखणारानं आपलं धरू नये म्हून. त्याला धरायचं असतं तर पयलं नाव त्याचंच व्हतं."

मांडव हसला. मायेनं बोलतोय बिचारा, असं समजून हसला आणि पुन्हा टाळ्या वाजल्या. नानासाहेबांनीही वाजवल्या. त्यांनी तोवर रामेश्वरऐवजी पुण्याच्या एका खेळाडू मुलाचा वर्षाचा खर्च उचलायची बोलणी पक्की केली होती. लोक का हसले ते बिरूला कळेना, आणि घरी जाऊन बानाबाईला विचारलं तर तिनं कप हातातून घेऊन खाटेखाली सारला. तिला तक्त्याचं सगळं शेजारच्या कॅडीकडून कळलं होतं. त्यानंतर ती नवऱ्याशी कामापुरतं बोलते.

माझी मुदत मार्चात वाढली.

त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याला मुलीकडे गेलो होतो. रामेश्वर हिंजवडीकडे एका मोठ्या सोसायटीत मुलांना गोल्फ शिकवतो असं कळलं होतं, म्हणून मुद्दाम गेलो. हिरव्या कृत्रिम चटईवर तो आठ वर्षांच्या मुलांना काठी धरायला शिकवत होता. मला पाहून पाया पडला, खुर्ची दिली. मी मनाशी जुळवून नेलेलं सगळं सांगितलं. तुझ्या बापाचा नेम होता, त्यानं तुला कमी लेखलं नाही, उलट सगळ्यात तूच चांगला असं तो माझ्यासमोर म्हणाला होता. घरी फोन कर, असंही म्हणालो. आपण एक मोठं काम करतो आहोत असं मला वाटत होतं.

ऐकता ऐकता तो चटईवरचे चेंडू टोपलीत गोळा करत होता.

"काका, ते मला ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?" तो म्हणाला. "आज्याचा नेम हाय तो. मी लहानपणापासून बघतोय. यादी वाचली तवाच कळलं मला. बा दुसरं काय करणार."

"मग त्याच्यावर राग कसला?"

"बावर नाय राग. त्याच्यासमोर जायचं म्हंजे त्याला सांगावं लागंल ना, तुझ्या नेमानं माझं काय झालं ते. त्याला अजून म्हायती नाय. आय बी सांगत नाय." एका मुलाचं मनगट सरळ करून तो परत आला. "नानासायबांना म्हायती नव्हतं, त्यांचं बी काय चुकलं? तिथं उभ्या असलेल्या माणसांत फकस्त दोघांना ठाऊक व्हतं, मला अन् बानं ज्यांच्यासमोर बसून यादी सांगितली त्यांना. मला माझ्यासाठी बोलता येत नव्हतं. मी वाट बघत व्हतो, काका. तुम्ही बोलाल म्हून."

मग त्यानं मुलांना पाणी प्यायला पाच मिनिटं सोडलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो पिऊन आलो.