पवनचक्कीचा आवाज
नव्या भाताच्या पेंढ्याचा वास आला की माझं डोकं फिरतं. पुण्याची एक पोरगी आमच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांचा व्हिडिओ करायला आलती. माझी कारभारीण खळ्यावर सुपानं भाताला वारं देत होती. पोरगी म्हणाली, "आजी, वाऱ्याबद्दल बोला की." कारभारीण म्हणाली, "वारं आमच्या डोंगराचं, लाईट तुमच्या पुण्याची! हितं दिवेलागणीलाच लाईट जाती, ते दाव." पुढं देवळात पडद्यावर दाखवलं, तर हिचं नुसतं तोंड हलतंय आन् आवाज पवनचक्कीचा. पोरगी म्हणाली, "आजोबा, ही कला आहे." म्या वरडलो, "पोरी, दाणं उडवलंस आन् फोल ठिवलंस!" कारभारीण हसली, "ऱ्हाऊ द्या वो, मी हाय की बोलायला." आता ती न्हाई. मोबाईलवर तोच व्हिडिओ लावतो. ती तोंड उघडती आन् त्या पवनचक्कीचा मुडदा बशिवला, तीच घुमती.